दगड, वीट आणि आपले दुसरे मत

(संविधान दिनानिमित्त अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपली संस्था ही समाजकल्याणाचे काम करणारी संस्था आहे. ती कोणत्याही पक्षाची नाही. या व्यासपीठावरून अमुक चिन्हावर शिक्का मारा असे कोणी कधी सांगितले नाही आणि मीही सांगणार नाही. तरीही आज मी मतदानाविषयी बोलणार आहे. त्याला कारण झाले एका विद्यार्थ्याचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी वसतिगृहातील एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचे ते पहिलेच मतदान होते. तो म्हणाला, "सर, घरी भांडण सुरू आहे. बाबा म्हणतात, आपल्या माणसाला मत द्यायचे, पडला तरी चालेल. मोठा भाऊ म्हणतो, आपला माणूस निवडून येत नाही, मग जो सर्वांत वाईट आहे त्याला पाडायला दुसऱ्याला मत द्या. मी काय करू?"

मित्रहो, हे भांडण त्या एका घरातले नाही. वऱ्हाडात आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात ते एकदा तरी झालेले आहे. आपल्याकडे म्हण आहे, "दगडापेक्षा वीट मऊ." कागदावर पक्ष पुष्कळ असतात, पण मतदानाच्या दिवशी दोनच आघाड्या समोर उभ्या राहतात. एक दगड, दुसरी वीट. माझे वडील मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात मजुरी करीत. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. या म्हणीवर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "पोरा, दगडाहून इट मऊ असते खरी, पन डोक्शात हानली त दोनीनंबी रगतच निंघते." आणि एवढे बोलून मतदानाला मात्र ते सकाळी सर्वांच्या आधी जात. पुष्कळ वर्षे मला या दोन गोष्टींचा मेळ लागत नव्हता. आज तो लावण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की हा पेच आपल्या मनाच्या दुबळेपणातून आलेला नाही. तो मोजणीच्या पद्धतीतून आलेला आहे. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग त्याला निम्मी मते नसली तरी चालेल, ही आपली पद्धत. या पद्धतीत तिसऱ्याला मत देणारा माणूस आपले मत वाया जाईल या भीतीने हळूहळू पहिल्या दोघांपैकी एकाकडे सरकतो. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ साली हा नियम मांडला. पण त्याच्या एकोणीस वर्षे आधी या रोगावरचे औषध बाबासाहेबांनी आपल्या हातात आणून दिले होते. ते औषध म्हणजे दुसरे मत.

१९३२ च्या पुणे कराराविषयी आपण दरवर्षी बोलतो. बोलताना जागांचे आकडे सांगतो. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या आणि २४ सप्टेंबरच्या करारात त्या १४८ झाल्या. आकडा वाढला, म्हणून पुष्कळांना तो फायद्याचा सौदा वाटतो. परंतु निवाड्यात आणखी एक गोष्ट होती, ती आकड्यात दिसत नाही. निवाड्याने अस्पृश्य मतदाराला दोन मते दिली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात, आपला प्रतिनिधी आपणच निवडण्यासाठी. दुसरे मत सर्वसाधारण मतदारसंघात, सवर्ण उमेदवारांपैकी कोण बरा हे ठरवण्यासाठी. म्हणजे पहिल्या मताने आपला माणूस निवडायचा आणि दुसऱ्या मताने दगड की वीट याचा निकाल लावायचा! वडील आणि भाऊ दोघेही एकाच दिवशी खरे ठरले असते. शिवाय त्या दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला आपल्या वस्तीत यावे लागले असते आणि आपला रोष पत्करून निवडून येणे त्याला जड गेले असते. म्हणूनच, हे दुसरे मत जागांपेक्षा अधिक मोलाचे होते, असे बाबासाहेबांनी पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात लिहिले.

करारात ते मत गेले. त्याऐवजी प्राथमिक निवडणूक आली. आपण चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून एक सर्वांनी मिळून निवडायचा. शेवटची निवड ज्यांची संख्या मोठी त्यांच्या हाती गेली. ती प्राथमिक निवडणूकही पुढे संपली आणि राखीव जागा तेवढ्या उरल्या. आपला अमरावती लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार सारे अनुसूचित जातींचे, पण कोण जिंकणार हे ठरवणारी मते मुख्यतः इतरांची. म्हणजे राखीव जागेवरही आपल्या मतदारापुढे तोच प्रश्न उभा आहे: दगड की वीट?

आता दुसरा प्रसंग. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या काळात एक शब्द रूढ झाला, "मत कुजवणे." म्हणजे एक मत आपल्या माणसाला द्यायचे आणि दुसरे कोणालाच उपयोगी पडू द्यायचे नाही. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते, समाजवाद्यांशी युती होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब पडले. ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली होती. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, असा आरोप होता आणि त्याविरुद्ध बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला होता.

दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, आपल्या विदर्भातच भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. राखीव जागेवर बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. मुंबईचा अनुभव ताजा होता. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांना एकच मत टाकायला सांगू, दुसरे कुजवू, म्हणजे आपली जागा पक्की होईल. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्या घटनेने हे मत दिले ती घडवणाऱ्यानेच ते कुजवायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका होती. निकाल काय लागला? सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब ८ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले.

बंधू-भगिनींनो, ही हकीगत आपण अश्रू पुसत सांगतो आणि तिथेच थांबतो. थांबू नये. तिच्यात दोन धडे आहेत. पहिला असा की मत ही आपल्याजवळची वस्तू वापरण्यासाठी आहे, कुजवण्यासाठी नाही. दुसरा धडा कडू आहे. आपण मित्राला दिलेले मत मित्राला पोचते. मित्राच्या माणसांचे मत आपल्याला पोचेलच असे नाही. आपल्या मतांची वाट एकेरी असते. ती दुहेरी करून घ्यावी लागते.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि उरलेसुरले दुसरे मतही गेले. तेव्हापासून आपल्या हाती एकच मत आहे, आणि त्या एकाच मताने आपल्याला दोन मतांचे काम करायचे आहे.

काहींनी तिसरा मार्ग काढला, बहिष्काराचा. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. काँग्रेसचे रामराव आदिक पडले. आपल्या माणसाचे मत नुसते बाजूला राहिले तरी सत्ता हलते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. पण निवडून कोण आले? कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांगे यांच्या कन्या! ज्यांच्यावर १९५२ साली मते कुजवल्याचा आरोप होता त्यांच्याच घरात बहिष्काराचे फळ गेले. याचा अर्थ पँथर चुकले असा मी लावत नाही. त्या तरुणांनी रक्त सांडले आहे. एवढेच म्हणतो की रिकाम्या राहिलेल्या जागेतही कोणीतरी बसतोच. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने 'नोटा'चे बटण आले. त्यानेही राग नोंदवता येतो, पण लोकसभेला आणि विधानसभेला 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याखालचा उमेदवारच निवडून येतो.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १९९८ साली रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि अकोल्यातून ॲड. प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेत गेले. चारही मतदारसंघ खुले होते! चारांतले दोन आपल्या वऱ्हाडचे. त्या वेळी गुलाल अंगावर घेतलेले लोक आज या सभागृहात बसले आहेत. ते कशामुळे घडले? दगड-विटेच्या हिशेबामुळे नव्हे. तिथे मतांची वाट दुहेरी होती. आपण त्यांना राज्यभर मत दिले आणि चार ठिकाणी त्यांच्या मतदाराने आपल्याला दिले. पुढच्याच वर्षी काँग्रेस दुभंगली. १९९९ मध्ये अकोल्याची जागा राहिली, अमरावतीची गेली. जी वाट दुसऱ्याच्या मर्जीवर दुहेरी होते ती दुसऱ्याच्या भांडणात बंदही होते.

त्यानंतर अकोल्यात काय झाले ते आकड्यांत पाहा. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे. २००९ मध्ये भाजपचे संजय धोत्रे यांना २ लाख ८७ हजार, प्रकाश आंबेडकरांना २ लाख २२ हजार आणि काँग्रेसला १ लाख ८२ हजार मते पडली. दुसरा आणि तिसरा यांची बेरीज पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. २०२४ मध्ये अनुप धोत्रे यांना ४ लाख ५७ हजार, काँग्रेसचे अभय पाटील यांना ४ लाख १६ हजार, आंबेडकरांना २ लाख ७६ हजार. पुन्हा तीच गत. निकालाच्या दिवशी एक बाजू म्हणते, तुम्ही आमची मते कापली. पण २००९ साली दुसऱ्या क्रमांकावर कोण होते? मग त्या वर्षी कोणी कोणाची मते कापली? विटेला मत द्या हा उपदेश नेहमी आपल्यालाच का? आपला उमेदवार पुढे असतो तेव्हा हा उपदेश दुसऱ्याला कोणी करत नाही. आणखी २०१९ पाहा. धोत्रे ५ लाख ५४ हजार, आंबेडकर २ लाख ७८ हजार, काँग्रेस २ लाख ५४ हजार. तिथे दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज करूनही पहिला पुढेच राहतो. त्या वर्षी मतविभागणीने निकाल फिरला असे अकोल्यापुरते तरी म्हणता येत नाही.

आणि ही बेरीजही कागदावरचीच आहे. मतदार म्हणजे कापसाची गाठ नव्हे, की एका जिनिंगमधून उचलली आणि दुसऱ्या जिनिंगमध्ये नेऊन टाकली. एक उमेदवार नसता तर त्याचा मतदार दुसऱ्याकडे गेला असता, घरी बसला असता की तिसरीकडे गेला असता, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तरीही प्रश्न खोटा ठरत नाही. अमरावतीत २०२४ साली काँग्रेसचे बळवंत वानखडे आणि भाजपच्या नवनीत राणा यांच्यात १९ हजार ७३१ मतांचे अंतर होते. एवढे अंतर दोन-चार मोठ्या वस्त्यांच्या मनावर ठरू शकते. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्यात अवघ्या ५३७ मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरला, आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मते होती. आपले मत कोणाच्या विजयात जमा होते, हे न पाहता मत देणे हा भाबडेपणा आहे.

मग वडील खरे की भाऊ? मी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतल्या लोकांनी गायरानावर पोटापुरती जमीन वाहिती केली होती. ती नावावर व्हावी ही एकच मागणी. एका निवडणुकीत एक उमेदवार विहारात आले, वंदनेला बसले, पट्टे मिळवून देतो म्हणाले. समोरचा उमेदवार आमच्या सरळ मुळावर उठलेला. वस्तीने एकदिलाने विटेला मत दिले. ती निवडूनही आली. पाच वर्षांत ते गृहस्थ एकदा आले, तेही कोणाच्या तरी लग्नाला. वडील त्यांना भेटायला गेले तर विचारणा झाली, "कोणतं गाव?" घरी येऊन वडील म्हणाले, "आपुन मत देल्लं, पन कागद नाई घेतला."

माझ्या वडिलांच्या दोन वागण्यांचा मेळ मला इथे लागला. विटेला मत देण्यात पाप नाही. कधीकधी दगड आणि वीट यांतला फरक म्हणजे ठाण्यात ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवून घेतली जाणे आणि न जाणे यांतला फरक असतो. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे आणि मुलाने शिक्षण सोडणे यांतला असतो. ज्याला तो फरक भोगावा लागत नाही त्याने खुशाल दोघे सारखेच म्हणावे. मजुराला ते परवडत नाही. पाप आहे ते वीट मऊ आहे म्हणून तिची पूजा करण्यात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला तो विटेलाही लागू आहे. विटेला दिलेले मत हे दान नसावे. ती उसनवारी असावी, आणि उसनवारीचा कागद असतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, मतदानाच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, या दोघांत माझ्या वस्तीच्या जगण्यात खरोखर फरक पडतो का? पडत असेल तर कोणत्या कामात, ते बोट ठेवून सांगता आले पाहिजे. दुसरा, ही वाट एकेरी आहे की दुहेरी? ज्याला मी आज मत देतो, त्याने नगरपालिकेत, पंचायत समितीत, बाजार समितीत माझ्या माणसाला कधी मत दिले आहे का? तिसरा, या मतानंतर पुढच्या निवडणुकीला माझी ताकद वाढलेली असेल की मी याच दोघांपुढे असाच उभा असेन? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर आपल्या माणसाला मत द्या, तो पडला तरी चालेल. पडलेली मतेही मोजली जातात आणि पुढच्या खेपेला बोलणी करताना तीच टेबलावर ठेवता येतात.

आणि आपले दुसरे मत अगदीच संपलेले नाही. एक म्हणजे जिल्हा परिषद. लोकसभेचा मतदारसंघ मोठा, तिथे आपण एकटे अपुरे पडतो. जिल्हा परिषदेचा गट लहान, तिथे आपण आणि आपल्यासारखेच उपेक्षित असे इतर समाज मिळून पुरे पडतो. अकोल्याने हे करून दाखवले आहे. बंजारा समाजाचे मखराम पवार यांच्यासारखी माणसे बरोबर घेऊन बहुजन महासंघाचे जे राजकारण इथे उभे राहिले, त्याला सारा महाराष्ट्र 'अकोला पॅटर्न' म्हणू लागला. लोकसभेत पडणारा समाज जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षे सत्तेत बसला. दुसरे म्हणजे आपल्या अमरावती विभागाचा पदवीधर मतदारसंघ. तिथे पसंतीक्रमाने मत देता येते. पहिली पसंती आपल्या माणसाला, दुसरी पसंती विटेला! २०२३ मध्ये तिथे पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही, पुढच्या पसंतीची मते मोजावी लागली आणि मग धीरज लिंगाडे निवडून आले. श्रीलंकेतही राष्ट्राध्यक्ष याच पद्धतीने निवडतात आणि २०२४ साली तिथे प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली. १९३२ साली जे हातातून गेले त्याचा एक लहानसा तुकडा आपल्या दाराशी आहे. पण पदवीधरांच्या यादीत आपोआप नाव येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झाली की अर्ज भरावा लागतो. या सभागृहात इतके पदवीधर बसले आहेत. किती जणांनी अर्ज भरला? हात वर करायला सांगत नाही; प्रत्येकाने आपल्या मनाशी उत्तर द्यावे.

तिसरे दुसरे मत म्हणजे दोन निवडणुकांमधली पाच वर्षे. उमेदवार वस्तीत आला की हार घालण्याआधी मागण्यांचा कागद पुढे करा. चार-पाचच मागण्या, मोजता येतील अशा. त्याची सही घ्या. सही दिली नाही तर तेही लिहून ठेवा. दरवर्षी चौदा एप्रिलला तो कागद विहारात सर्वांसमोर वाचा. काय झाले, काय राहिले. हे काम विद्यार्थ्यांनी करावे. त्याला पैसा लागत नाही, एक वही लागते.

त्या मुलाला मी काय सांगितले, असे तुम्ही विचाराल. मी त्याला कोणाचे नाव सांगितले नाही. म्हटले, घरी जा, बाबा आणि दादा दोघांना समोर बसव आणि हे तीन प्रश्न विचार. निवडणुकीनंतर तो भेटला. म्हणाला, "सर, भांडण मिटले नाही. बाबांनी त्यांना वाटले ते केले, दादाने त्याला वाटले ते. पण कागद मात्र आम्ही तिघांनी मिळून लिहिला." मित्रहो, भांडण मिटले नाही याचे मला दुःख नाही. विचार करणाऱ्या घरात मतभेद असणारच. कागद लिहिला गेला याचा आनंद आहे. माझ्या वडिलांच्या हातून जे राहून गेले ते त्या मुलाच्या घरात झाले.



जयभीम! नमो बुद्धाय!